काठीला पाजलेलं पाणी

माझ्यासमोर कोणी जुनी गोल्फची काठी आणून ठेवली की मी आधी तिची मान हुंगते. आणणारा शहरातला असतो, पायात पांढरे बूट, गाडी रेवदंड्याच्या बाजारात अडकल्यामुळे आधीच वैतागलेला. त्यात समोर पासष्टी ओलांडलेली बाई काठीला नाक लावून डोळे मिटून बसलीय हे बघून तो बावचळतो. बावचळू दे. हल्ली सगळ्या काठ्या धातूच्या येतात, कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या. कोणाच्या आजोबांची लाकडी डोक्याची काठी माळ्यावर सापडली, तरच ती माझ्याकडे दुरुस्तीला येते. मान म्हणजे दांडी जिथे लाकडी डोक्यात शिरते ती जागा. तिच्यावर मेणवलेल्या दोऱ्याचे वेढे असतात, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. पण वास लपत नाही. आत सरस असेल तर एक वास, राळ असेल तर दुसरा, आणि कोणी काही खोटं भरलं असेल तर तोही कळतो. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं लोक विचारतात. कोणी नाही, बाबांनो. मीच एकदा खोटं भरलं होतं.

आमचं घर खाडी जिथे समुद्राला मिळते त्याच्या जरा आत. घर म्हणजे पुढे पडवी, मागे चूल, आणि बाजूला घरापेक्षा मोठा मांडव, नारळीच्या विणलेल्या झापांनी शाकारलेला, ज्यात कायम एक अर्धी होडी उभी. माझे वडील, आबा, होड्या बांधायचे. सगळे त्यांना राघो मिस्त्री म्हणत. सकाळी डोळे उघडायच्या आधी मला त्यांच्या वाकसाचा आवाज ऐकू यायचा. वाकस म्हणजे आडव्या पात्याचं ते हत्यार, पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर लाकूड तासत येतं आणि अंगठा मात्र शाबूत राहतो. टक् करून एक घाव, मग ढलपी सुटल्याचा मऊ आवाज, मग थोडं थांबणं. त्या थांबण्यात मी पुन्हा झोपायचे. चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असायची, सुकट भाजल्याचा वास आणि मांडवातल्या राळेचा वास पडवीत एकमेकांत मिसळायचे, आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं की आपलं घरही होडीच आहे, भरती आली की जरासं उचललं जातंय. अजूनही पहाटे कधी कधी तसं वाटतं. मग गुडघा ठणकतो आणि घर जमिनीवर येतं.

मांडवात मला येणं-जाणं होतं, पण झाडू घेऊन. आमच्याकडे दोन नियम होते. बाईमाणसाने होडीच्या कण्यावरून पाय टाकायचा नाही, आणि लोखंडाला हात लावायचा नाही. लोखंड म्हणजे वाकस, पटाशी, करवत, गिरमिट, कानस, सगळी हत्यारं. हे नियम कोणी केले ते आबांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आजाने पाळले म्हणून त्यांनी पाळले. चुलीत घालायला ढलप्या आमच्या आणि ढलप्या काढायचं सुख त्यांचं, अशी वाटणी. मला याचा राग यायचा, आणि तो मी झाडूवर काढायचे. आई म्हणायची, "काय गो मंदे, झाडतंस का भांडतंस?" आणखी एक भानगड म्हणजे मी डावरी. आईने माझा डावा हात वळवायचा फार प्रयत्न केला. जेवताना ती तो पदराच्या टोकाने बांधून ठेवायची आणि म्हणायची, "डाव्या हातानं जेवनारीला कोन करून घेनार?" मी उजव्या हाताने भात सांडत जेवायचे आणि डाव्या हाताने सगळं काही करायचं स्वप्न बघायचे. माझं सगळं तरुणपण म्हणजे हे एवढंच मागणं होतं, मला लोखंड हातात हवं होतं. दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मिरियमबाई डॉक्टर आमच्या आळीतल्याच. बेने इस्रायली लोकांची जी जुनी घरं आमच्याकडे आहेत त्यांतलं एक त्यांचं. त्यांचे बहुतेक नातेवाईक देश सोडून तिकडे गेले, बाई मात्र मुंबईत बाळंतपणं करत राहिल्या. सवड मिळाली की शुक्रवारी दुपारी त्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायच्या, तिथून एसटीने घरी यायच्या. शनिवारी त्यांच्या धर्माप्रमाणे कुठल्याच कामाला हात लावायच्या नाहीत, ओटीवर शांत बसून असायच्या. रविवारी सकाळी मात्र साऱ्या आळीची विचारपूस करून परत जायच्या. अशाच एका रविवारी त्या मांडवात आल्या त्या हातात दोन तुकडे घेऊन. एक चकचकीत पोलादी दांडी, आणि एक लाकडी गोळा, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा, मानेत मोडलेला.

"राघो मिस्त्री, हे जोडून द्याल का?"

आबांनी तुकडा उलटासुलटा करून बघितला. "ही कसली काठी, बाई?"

"गोल्फची. चेंडू मारायची."

"मंग मोडली कशी?"

"चेंडू सोडून जमीन मारली," बाई म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. त्या डावऱ्या, त्यातून उंचीने पाच फुटांना कमी. अशा बाईच्या मापाची काठी या देशात मिळत नाही. ही कोणीतरी परदेशातून आणून दिलेली, तीही त्यांना लांब पडायची, कोपरं वर काढून खेळावं लागायचं. हिवाळ्यात मुंबईत बायकांचा सामना होता. आयुष्यात एकदा आपल्या मापाच्या काठीने खेळून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

आबांनी गोल्फ हा शब्द पहिल्यांदा ऐकला असावा. पण लाकडाकडे बघून त्यांचं तोंड असं झालं, जसं शेजारणीने केलेलं कालवण चाखल्यावर आईचं व्हायचं. "हे कापलंयच चुकीचं," ते म्हणाले. "सरळ फळीतनं काढलंय. मानेत लाकडाच्या रेघा आडव्या जातात, तिथं मोडनारच. जोडून नाय हुनार. नवी करू." होडीच्या फासळ्यांसाठी आबा निसर्गतःच वाकलेल्या फांद्या शोधून ठेवायचे. त्यांना आम्ही बाक म्हणायचो. बाकात रेघा वळणाबरोबर वळतात, म्हणून तो तुटत नाही. मांडवाच्या कोपऱ्यात चिंचेचे चार लहान बाक कित्येक वर्षं धूळ खात पडले होते. चिंचेचं लाकूड जड, चिवट, मुसळाला आणि हातोड्याला चालतं ते. आबांनी त्यातला एक उचलला, मोडक्या डोक्याशेजारी धरला, आणि आम्हा सगळ्यांना दिसलं की काठी त्या लाकडात आधीपासूनच वाकून बसलेली आहे.

आता प्रश्न मापाचा. बाई मुंबईला परतणार, आणि आबांना तर काठी दहादा कोणाच्या तरी हातात देऊन बघायची होती. आईने मला हाक मारली, बाईंच्या पाठीला पाठ लावून उभं केलं आणि दोघींच्या डोक्यावर उलथनं आडवं ठेवलं. तिळभर फरक नाही. मग बाईंनी माझ्या हातात दांडी दिली, आणि मी ती जशी सुचली तशी धरली. डावरी. आईने शरमेने डोळे मिटले. बाई मात्र ओरडल्या, "अरे वा! मिस्त्री, ही तर माझी जुळी बहीण निघाली." आबांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. हा हात कामाचा असू शकतो हे त्यांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं असावं. "उद्यापासून दुपारची मांडवात ये," ते म्हणाले. "माप म्हून."

त्या दुपारी मी कशा सांगू. पाऊस सरून गेलेला, भाताची कापणी चाललेली, हवेत पेंढ्याचा वास. झापांच्या फटींतून ऊन यायचं आणि ढलप्यांवर हलत राहायचं. आबा एक-दोन घाव घालणार, मानेला दांडी तात्पुरती दोरीने बांधून काठी माझ्या हातात देणार, मी अनवाणी पायांनी उभी राहणार. बाईंच्या खेळाबद्दल आम्हाला दोघांनाही काही कळत नव्हतं, पण एक गोष्ट आबांना चटकन उमगली. माणूस काठी धरून सहज उभा राहिला की तिचा तळ जमिनीला सपाट टेकला पाहिजे. नाहीतर फटका वाकडा जाणार. मग त्यांनी होडीच्या फळ्या जुळवतात तीच रीत केली. एका फळीवर गेरू फासला, मला त्यावर काठी टेकवायला लावली, आणि तळाला गेरू कुठे लागलाय ते बघून तेवढंच लाकूड कानशीने उतरवलं. पुन्हा गेरू, पुन्हा उभं राहणं. टाचेकडे लागतोय, बोटभर वाक. आता पुढे लागतोय, जरा सरळ हो. मी खाडीकडे बघत उभी असायचे, बोटी रेवदंड्याच्या पुलाकडून येत असायच्या, आणि मला वाटायचं की आबा काठी घडवत नसून मलाच थोडं थोडं तासतायत.

डोक्याला वजन हवं म्हणून जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी वितळवले. तेही आईच्या चुलीवर. तिने आबांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या बाजूला कोरलेल्या खळग्यात ते शिसं ओतताना चर्र आवाज झाला आणि चिंचेच्या लाकडातून एक आंबूस वाफ आली. तळाला फुटक्या पितळी परातीची पट्टी बसली. डोकं फुटक्या काचेने घासून घासून असं गुळगुळीत झालं की मी ते गालाला लावून बघितलं. आबांना ते होडीसारखं मुशी माशाच्या उग्र तेलाने माखायचं होतं. बाईंनी हात जोडले. "मिस्त्री, माझ्या मागे मांजरं लागतील हो!" मग जवसाचं तेल आलं. मला दोन कामं मिळाली, तेल चोळणं आणि मानेवर दोरा गुंडाळणं, कारण दोरा काही लोखंड नव्हे. जाळ्याचा दोरा मेणातून ओढायचा, ताणून धरायचा, वेढ्याला वेढा चिकटवत वर जायचं, शेवटचं टोक आतल्या आत गडप करायचं. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. डाव्या हाताने. मांडवातली होडी ज्याच्यासाठी चालली होती तो तांडेल पडवीत आला, तेव्हा आबांनी त्याला तो दोरा मुद्दाम दाखवला.

आता त्या दिवसाबद्दल. मानेत भोक पाडून त्यात मापाला आखूड केलेली बाईंचीच दांडी बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. भोक मानेच्या मधोमध सरळ जायला हवं आणि दांडी हाताने जेमतेम दाबून बसेल एवढंच हवं. बाकी काम राळेचं. काही लोक आरपार खिळा मारतात, आबांना ते पटायचं नाही, खिळ्याने मान फाटते म्हणायचे. त्यांनी गिरमिटाने भोक पाडलं, दांडी घालून बघितली, ती शेवटी अंगठ्याएवढी बाहेर राहिली. "उद्या जरा घासू," असं म्हणून त्यांनी ती ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडीचे खिळे आणायला एसटीने अलिबागला गेले. आई शेतावर. मांडवात मी, काठी, आणि खुंटीला टांगलेली गोल कानस.

मी ती काढली. खोटं कशाला बोलू, देवसुद्धा आठवला नाही. कानस डाव्या हातात अशी बसली जशी काही तिथेच वाढली असावी. भोकात घालून मी ती फिरवली, लाकडाचं पीठ मनगटावर सांडायला लागलं. ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली मोठी सुखाची. एवढं सुख झालं की थांबायचंच विसरले. दांडी घातली तर ती सर्रकन तळापर्यंत गेली, आणि हलवली तर खुळखुळली.

आबांना कळलं तर लोखंड तर सोडाच, दोरा आणि तेलही जाणार, पुन्हा हातात झाडू येणार, हे मला लख्ख दिसलं. मग मी ते केलं जे होडीवाल्याच्या घरातल्या पोरीलाच सुचेल. होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत आम्ही राळेत भिजवलेला कापूस ठासतो, आणि होडीला पाणी पाजतो. पाण्याने कापूस फुगला की सांधा असा आवळतो की सुईही शिरत नाही. मी दांडीभोवती कापूस ठासला, वर राळ ओतली आणि काठीची मान पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. संध्याकाळी दांडी हलेना. पुसली, तेल लावलं, दोरा गुंडाळला. आबा आले तेव्हा मी म्हटलं, "दांडी जरा फिरवली आबा, बसली आपोआप. राळ पन ओतली." त्यांनी दोन्ही हातांनी पिळून बघितलं. मग चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "ऐकलंस का," त्यांनी आईला हाक मारली, "घासायला पन लागलं नाय. हात हाय अजून माझा!" त्या रात्री आईने वालाचं बिरडं केलं होतं. मी दोन वेळा मागून घेतलं. हे मात्र मला स्वतःचं अजून पटत नाही.

बाई काठी घेऊन गेल्या. पहिल्या दोन-तीन वेळी आल्या तेव्हा काठीचं कौतुक संपेना. सगळ्या मैत्रिणी विचारतात म्हणे, ही कुठल्या देशातली. मग मुंबईत कोरडी थंडी पडली. कापूस वाळला. पाणी प्यालेली होडी पाण्यातच राहते म्हणून घट्ट राहते, ही साधी गोष्ट मला त्या दिवशी सुचली नव्हती. सामन्यानंतरच्या रविवारी बाई मांडवात आल्या त्या पिशवी घेऊन, आणि हसतहसतच. "मिस्त्री, पहिलाच फटका. पन्नास बायका बघतायत. मी मारला, आणि डोकं निघून सरळ पुढच्या झाडात! चेंडू जागच्या जागी. लोक म्हणाले, डॉक्टर, आज तुमचाच चेंडू सगळ्यात मोठा." त्यांच्या हातून पिशवी मी घेतली. दांडीच्या टोकाला राळेने काळी पडलेली कापसाची एक वात अजून चिकटलेली होती. ती मी नखाने ओढून मुठीत बंद केली, आणि मग दोन्ही तुकडे आबांच्या पुढे ठेवले. चूक एक होती. हे मूठ बंद करणं ही दुसरी, आणि ती मोठी.

आबा हसले नाहीत. त्यांनी भोकात करंगळी घातली आणि ती आत हलते हे बघितलं. "हात गेला माझा, बाई."

"अहो, काय बोलता? एका काठीवरून?"

"काठी हाय म्हून हसताय. होडीचा सांधा असा सुटला असता तर मानसं बुडाली असती. मला वाटत हुतं सांधा घट्ट हाय, आनि तो ढिला हुता. कळलंच नाय मला." बाईंनी नाना परींनी समजावलं. त्या गेल्यावर आबांनी तांडेलाला बोलावून सांगितलं, मांडवातली अर्धी होडी दुसऱ्या मिस्त्रीकडून पुरी करून घे. मग एकेक हत्यार पुसलं, तेल लावलं, गोणपाटात गुंडाळलं, आणि दिघीच्या पुतण्याला निरोप धाडला की येऊन घेऊन जा.

घर मुकं झालं. तुम्ही कधी अशा घरात राहिला आहात का, जिथला रोजचा आवाज बंद पडलाय? सकाळी मला जाग यायची ती काहीच ऐकू येत नाही म्हणून. आबा पडवीत बसायचे, खाडीकडे तोंड करून, हात मांडीवर उलटे ठेवून, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे असावेत. आईने त्यांच्यासाठी ओले बोंबील केले, घावणे केले. ते जेवायचे आणि उठायचे. आणि मी? मी वात फडक्यात बांधून कंबरेला खोचून फिरत होते. मी स्वतःला सांगायचे, चार दिवसांनी विसरतील. दुसरं मन म्हणायचं, बोललीस तर मांडव कायमचा गेला, मंदे. एका बाजूला माझं लोखंड, दुसऱ्या बाजूला त्यांचे हात. मला आज लिहायलाही लाज वाटते, की ठरवायला मला सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी पुतण्या दिघीहून तरीने खाडी ओलांडून यायचा होता. सकाळी आबांनी गोणपाटाचं गाठोडं पडवीत आणून ठेवलं आणि त्यावरून नुसता हात फिरवला. झालं. मला राहवेना. मी फडकं सोडलं आणि वात त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"राळ हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "पानी पाजलंस?"

"व्हय."

"काठीला?"

"व्हय, आबा. तुम्ही पाडलेलं बरोबर हुतं. मी कानशीनं मोठं केलं. मंग कापूस भरला."

मला वाटलं थोबाडीत बसणार. त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला, आणि त्यातून हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते कळेना. "काठीला पानी पाजलं!" ते ओरडले. "ऐकलंस का गो, माझा हात गेला नाय! या भवानीनं काठीला पानी पाजलं!" आई भाकरीचं पीठ लागलेल्या हाताने धावत आली. पुतण्या आला तेव्हा त्याला पोटभर जेवू घालून रिकाम्या हाताने परत लावून दिला. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्याला बोलावलं कशाला. आणि तो पुलाच्या दिशेने दिसेनासा झाल्यावर आबा माझ्याकडे वळले. हसू पार गेलेलं. "लोखंडाला हात लावलास. वर खोटं बोललीस. मांडवात पाय टाकायचा नाय." मी मान हलवली. हे होणारच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाकसाचा आवाज आला. मी अंथरुणात पडून तो ऐकला आणि रडले, मांडव गेला म्हणून आणि आवाज आला म्हणूनही. तांडेलाची होडी परत सुरू झाली. आबा गुणगुणायला लागले. आठ दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या आवाजावर जगले.

नवव्या दिवशी दुपारी हाक आली. "मंदे! माप पायजे." बाईंसाठी दुसरी काठी करायला घेतली होती. मी उंबरठ्यावर थबकले, त्यांनी मानेनेच ये म्हटलं. गेरूची फळी तयार होती. मी उभी राहिले, तळ बघून झाला, मग त्यांनी काठीचं डोकं मांडीत धरलं आणि गिरमिट मानेवर टेकवलं. मी कडेला उभी. गिरमिट फिरायला लागलं, आणि मी बघितलं की ते सरळ जात नाहीये. आबांचं मनगट दर फेऱ्याला जरासं उडत होतं. थोड्या वेळाने गिरमिटाचं टोक मानेच्या कडेतून बाहेर आलं. आबांनी ते डोकं खाली ठेवलं. शेजारी दुसरं पडलेलं होतं, तेही तसंच कडेतून फुटलेलं, सकाळचं. चारातला एक बाक आता उरला होता. त्यांनी वर बघितलं, मी बघितलं की नाही हे बघायला.

त्या क्षणाबद्दल मी आयुष्यभर विचार केलाय. पहिलं भोक जमलं होतं ते खरं, पण बहुधा ते जमणाऱ्यांतलं शेवटचं होतं. मी खरं सांगून त्यांना त्यांचे हात परत दिले ते आठ दिवसांपुरते. ते बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की माझ्या वडिलांना माझ्यासमोर लाज वाटतेय, आणि ते मला सहन होईना. मी तोंड फिरवून झाडू शोधायला लागले.

"झाडू ऱ्हावू दे," आबा म्हणाले. त्यांनी शेवटचा बाक उचलला, दोन्ही मांड्यांमध्ये आवळून धरला, वर दोन्ही हातांची पकड केली. धरण्यात त्यांचे हात अजून पक्के होते. गिरमिट त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवलं. "घे. डाव्या हातानंच घे. मी बघत नाय." आणि खरंच त्यांनी तोंड खाडीकडे वळवलं. "झालं की सांग. ढिलं झालं तरी सांग."

मी समोर गुडघ्यांवर बसले. आमची डोकी एकमेकांना टेकतील इतक्या जवळ. फिरवलं, थांबले, भुसा फुंकला, पुन्हा फिरवलं. भरती लागली होती, बांधलेल्या होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या, आई आत कांदा चिरत होती. आबांच्या मानेची शीर मला दिसत होती, पण ती वळली नाही. भोक सरळ गेलं. मी दांडी घातली, हळूच हलवून बघितली. पुन्हा हलवून बघितली.

"आबा," मी म्हटलं, "सरळ गेलं. पन केसभर ढिलं झालंय."

त्यांनी पकड सोडली नाही की तोंड वळवलं नाही.

"मंग आता काय करायचं, मिस्त्री?" त्यांनी मला विचारलं.